पान एकशे बारा

ब्रिस्टलच्या गोदीवर धुकं, पाण्यात सावकाराचं प्रेत,
आणि मी, व्हर्बेना कॅडोगन, निवृत्त बस कंडक्टर,
रात्री दोनला अजून जागी.

लेखक लबाड आहे. हातमोज्याचा एकच धागा
असा सैल सोडतो, की चहा गार झाला तरी
सुटत नाही हातून.

पान एकशे बारावर येतो ‘काळा खलाशी’:
जनावराचे डोळे, दात, घामाचा वास. नाव नाही.
पोलीस त्यालाच धरतात.
मी हसते. खुनी हा नव्हेच.
इतक्या थंड डोक्यानं खून करायची अक्कल
हा लेखक त्याला देईल कशाला?

माझे वडील बार्बाडोसहून आले ते
बोटीच्या भट्टीत कोळसा ओतत.
समासात पेन्सिलीनं बारीक लिहिते: एझेकिएल.
पुस्तक लायब्ररीचं आहे. असू दे.

आता सांग मेल्या,
तो दुसरा हातमोजा कुणाचा?