डावा खांदा

मत्रहच्या बाजारात, लोबानवाल्याच्या पाठीमागे माझं दुकान.
जुन्या वहीत, डाग पडलेल्या पानावर:
लॅम्बर्न, कॅप्टन. छाती अडतीस, कंबर तीस,
खांदे सारखे.
तेव्हा तो बिनसाखरेचा चहा प्यायचा, उभ्यानेच.

धोफारहून परतला तो डावा खांदा अर्धा इंच उतरवून.
मी विचारलं नाही.
उस्ताद म्हणायचे, शिंप्यानं कापडाची चौकशी करावी.
आतून कापसाचा एक थर वाढवला
आणि वर मुकुट टाचला. मेजर.

मग मुकुटाखाली एक तारा. पुढं तीन.
जर्मनीहून पार्सल यायचं, बेल्फास्टहून यायचं,
सरावाच्या निमित्तानं कधी तो स्वतः.
तलवार आणि दंड आडवे शिवले त्या वर्षी
कंबर चाळीस होती, कापूस तीन थर.
पेपरात फोटो पाहून बायको म्हणाली,
काय ताठ माणूस आहे!
दोरा दातांत होता माझ्या.

काल आला. टॅक्सीनं, एकटा.
साधा करडा सूट हवा म्हणाला.
सवयीनं मी कापूस काढला.
"तो राहू दे आता."
मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत
एका डोंगराचं नाव घेतलं,
आणि दोशंबे, बलुची पोरगा, वय एकोणीस.
"खांद्यावर घेऊन उतरत होतो. बोलत होता.
अर्ध्या वाटेत एकदम जड झाला."

मी टेप लावली. पाऊण इंच.
लिहून ठेवलं.
चहा आला तेव्हा त्यानं साखर मागितली,
दोन चमचे,
आणि ढवळतच बसला.