मोजणी

जानेवारीत सरकारी बाई आली,
कागदी पांढरा झगा, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या,
कपाळावर लाल दिवा,
हातात माणसं मोजायचं यंत्र.
तसलंच माझ्याही खणात आहे, तिकीटखिडकीत.
एकतीस वर्षं दाबलं मी ते.
खट्, ओहायोचं कुटुंब. खट् खट्, नवं लग्न झालेले दोघे.
शाळेची बस आली की अंगठा दुखायचा.
तिने छताकडे पाहिलं
आणि बराच वेळ खट् झालं नाही.

मी ड्रीमा टॅकेट.
वेस्ट व्हर्जिनियातल्या या डोंगराच्या पोटात
माझ्या सासऱ्याने शिड्या लावल्या, वायरी ओढल्या,
दगडांना नावं ठेवली: लग्नाचा केक, म्हातारीची दाढ.
सगळ्यात खालच्या दालनात मी दिवे घालवायची.
म्हणायची, आता आपला हात डोळ्यांसमोर धरा.
पोरं किंचाळायची, मोठी माणसं उगाच खाकरायची.
पलीकडच्या खोलीत, जिथे आम्ही कुणाला नेत नसू,
ती टांगलेली असायची, चौदा हजार,
अंगाला अंग, केसांवर दवाचे थेंब,
एकेकाचं वजन नाण्याहून जरासं जास्त.

हॉलिस, माझा नवरा, म्हणायचा,
ही झोप नाही, काटकसर आहे.
पानगळीआधी खाल्लेल्या किड्यांवर एप्रिल गाठायचा.
एकदा दचकून जाग आली
की कित्येक दिवसांची शिदोरी गेली.
दोनशे साठ पौंडांचा माणूस,
पण तिथे शिरला की चोरपावलांनी चालायचा,
शिंक आली तर टोपीत शिंकायचा.

बुरशी समुद्रापलीकडून आली म्हणतात,
कुणाच्या तरी बुटाच्या खाचेतून.
नाकावर पांढरं,
पिठाच्या डब्यात तोंड घातलेल्या पोरासारखं.
पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

मग फेब्रुवारीत, भर दुपारी, बर्फावरून
ती उडायला लागली.
अजून अंड्यातही नसलेले किडे शोधत.
तिकीटखिडकीच्या काचेवर आपटली,
गाड्यांच्या टपांवर पडली.
मी फावड्याने भरली.
ते यंत्र तेव्हा खणातच होतं.

सरकारी गुहांना हुकूम आला: बंद.
आमची खाजगी, आम्हाला नुसती विनंती.
हुकमाला शिव्या तरी घालता येतात.
मोटेलवाला रॉस्को म्हणाला,
पंख फुटलेल्या उंदरांसाठी तू गावाचं पोट मारणार?
मी त्याच्याकडची कॉफी संपवली, पैसे ठेवले,
घरी येऊन सही केली.
दुकानात रबरी वटवाघळं उरलीत, खोकं भरून,
तीन डॉलरला एक. दाबली की चिरकतात.

खट्.
कोपऱ्यात एक. मग फटीत तीन.
अकरावर बाई थांबली, भिंग काढलं,
कुजबुजत आकडे वाचू लागली.
हाताच्या हाडावर ॲल्युमिनियमची चकती,
चुरगळलेली, पण होती.
शेवटचा आकडा तिने वाचायच्या आधी मी सांगितला.
लेलँड जन्मला त्या उन्हाळ्यात हॉलिसने घातलेली,
आणि नंबर त्याने त्याच वहीत टिपला
जिच्यात बाळाचं वजन लिहिलं होतं.
लेलँड आता तेवीस वर्षांचा, ट्रक चालवतो.
बरं झालं हॉलिस आधीच गेला, लोक म्हणतात.
मला नाही वाटत तसं.
त्याने हिला ओळखलं असतं.

हात पुढे गेला माझा.
बाई काही बोलली नाही, मीच मागे घेतला.
तिच्या नाकाकडे पाहिलं. लाल उजेडात
पांढरं कळत नाही.

वर येऊन दोघींनी बूट कढत पाण्यात बुडवले.
किती वर्षं बंद ठेवाल, तिने विचारलं.
म्हटलं, वर्षाला एकच पिल्लू होतं त्यांना,
हिशेब तूच कर.
ती खरंच करू लागली, ओठ हलवत,
आणि मी फाटकाचं कुलूप ओढून पाहिलं,
मग आणखी एकदा.