झारेकरी

सुपडू बाविस्कर, वय एकसष्ट, मुक्काम एरंडोल,
डाव्या गालाची गाठ.
धंद्याच्या रकान्यात कुणीतरी लिहिलं होतं: मजूर.
त्याने त्यावर बोट ठेवलं, खोडायला लावलं.
"झारेकरी लिखा."

झारेकरी, म्हणजे
जळगावच्या सराफ बाजारात शटर उघडण्याआधी
गटारीशी उकिडवा बसून
पायऱ्यांचे सांधे ब्रशने झाडणारा.
सोनाराच्या नखातून, पंख्याच्या पात्यावरून,
गिऱ्हाइकाच्या चपलेखालून निसटलेलं,
कुणाच्याच वहीत नसलेलं सोनं
ते त्याचं.

मी किरणांचा हिशेब करते.
रोज दोन ग्रे, तेहतीस दिवस,
मणक्याला किती, लाळेच्या ग्रंथीला किती.
गरम पाण्यात मऊ केलेली जाळी
त्याच्या चेहऱ्यावर ओढून बसवली
तेव्हा तो आतूनच म्हणाला,
"साचा करी ऱ्हायनी का वं बाई?"

विसाव्या दिवशी यंत्र बंद पडलं.
पुण्याहून माणूस येईपर्यंत
आम्ही दोघं माझ्या टेबलाशी. तोंड आलेलं त्याचं,
पाणीसुद्धा चमच्याने.
टेबलावर हर्षालीची बाटली होती,
धाकट्या बहिणीची, बांभोरीकडच्या प्रयोगशाळेतली.
चिठ्ठीवर 'सोनं', आत बिटाच्या पाण्यासारखं लाल.
"सोनं? लाल कसं व्हयनं?"

मी सांगू लागले.
इतकं बारीक केलं की सोनं पिवळेपण विसरतं.
ते गाठीत मुरवायचं.
मांसातून न थांबता निघून जाणारा किरण
या जड कणांवर अडखळतो,
आणि सोनं अंगातून ठिणग्या सोडतं,
जागच्या जागी विझणाऱ्या,
पण विझण्याआधी शेजार जाळणाऱ्या.
किरण तेवढाच, घाव जास्त.

त्याने मान हलवली, ओळखीची बातमी ऐकावी तशी.
आयुष्य भट्ट्यांच्या दारात गेलेल्याला
ठिणगी कुठे पडते ते काय सांगायचं.

"माले देशात का?"

नाही, म्हटलं. अजून उंदरांत आहे.
हर्षालीच्या बारा उंदरांपैकी आठांची गाठ आटली.
दोन का मेले, तिला ठाऊक नाही.
किती वर्षं लागतील ते मी सांगितलं नाही,
त्यानेही विचारलं नाही.
त्याचा प्रश्न वेगळा होता:
"काम व्हयनं का मंग ते सोनं कोठे जास?"

यकृतात, म्हटलं. पानथरीत.
बरंचसं तिथेच राहतं, महिनोन्‌महिने.

तो हसला, गाल देईल तेवढं.
गिरणेच्या काठी
बापाबरोबर तो राख धुवायचा,
लोक अस्थी वेचून गेल्यावर उरलेली.
कुणाच्या दाताचं, कुणाच्या कानाचं,
गुंजभर, कधी तेवढंही नाही.
बाप म्हणायचा, ज्याचं त्याचं नाव घेऊ नकोस, फक्त पाणी ओत.

"मरेलना तोंडमा सोनं ठेवतस," तो म्हणाला.
बराच वेळ थांबला. थुंकी गिळता येत नव्हती.
"तुम्ही जित्ताना तोंडमा ठेवशात."
आणि मग, मला हसवायला की काय,
"मनी राखमा सापडी का?"

यंत्र सुरू झालं. माझ्याकडे उत्तर नव्हतं, तारीख होती.

तेहतिसाव्या दिवशी त्याने जाळी मागितली.
आम्ही त्या फेकून देतो.
त्याने ती काखेत घातली,
आपलं डोकं घेऊन निघाल्यासारखा गेला.

दीड महिन्याने, पहाटे, दूध आणायला निघाले
तर सराफ बाजाराच्या कोपऱ्यावर तो.
गालावर काळवंडलेला चौकोन.
हातात जाळी, उलटी धरलेली,
आणि तो स्वतःच्या चेहऱ्यातून गाळ गाळत होता.
डोळ्यांच्या खाचांत खडे अडलेले,
नाकाच्या उंचवट्यात एक तुटकं बटण.
बाकीचं पाण्याबरोबर खालच्या घमेल्यात.

मंगळवारी तपासणीला या, असं ओरडणार होते.
मान वर न करताच
त्याने एक बोट उचललं: थांब.
घमेल्यात काहीतरी होतं.