रकाना नववा

कोकण भवनाच्या फाटकाबाहेर, झेरॉक्सवाल्याच्या छत्रीखाली
माझं टेबल, एक जुना कॉम्प्युटर.
इन्व्हर्टर त्याचा, वीजबिल अर्धं माझं.
अकरा वर्षं ग्राहकांच्या तक्रारी टाइप करतो.
फ्रिज गळतो. बिल्डर टाळतो.
सहलवाल्याने सिमला सांगून कुठल्याशा ढाब्यावर उतरवलं.
पानाला तीस रुपये, शपथपत्राचे वेगळे.

जयवंतीबाई दिवाळ्याहून आल्या, मासळी उरकून, दुपारी.
लॅबची पावती प्लास्टिकमध्ये, कोरडी.
म्हणाल्या, चोरी झालीय.
काय गेलं?
काहीच नाही. रिपोर्ट माझ्याकडेच आहे.
तोच गेलाय.

वकील नाही मी, हे आधी सांगितलं, मग माहीत होतं तेवढं:
लॅबला लेखी कळवा, त्यांचा तक्रार अधिकारी असतो,
नसला तरी आहे असं धरून कळवा, पोच ठेवा.
सायबर पोलिसांत नोंद करा, नोंदीचा नंबर घ्या,
बिननंबरी सांत्वन घेऊ नका.
दिल्लीचं मंडळ दंड करील कधीतरी,
पण तो सरकारजमा होतो, तुमच्या हाती नाही येत.
इथे वर, आयोगात, ‘सेवेतील त्रुटी’ म्हणता येईल.
साडेअठराशे भरलेत, पावती आहे, म्हणजे तुम्ही ग्राहक.
एवढ्या रकमेला फी नाही. दोन वर्षांच्या आत यायचं.

फी नाही म्हणजे नक्की नाही? त्यांनी दोनदा विचारलं.

नाव, वय, पत्ता, मोबाइल.
तक्रारीचं कारण.
मग पाटीतले वाटे लावावेत तसं त्यांनी
एकेक वेगळं ठेवलं:
गाठ होती. फेब्रुवारीत कळलं.
घरी बोलले नव्हते. होळीनंतर बोलणार होते,
होड्या सजतात, नवरा खुशीत असतो, तेवढं होऊ दे म्हटलं.
तो धक्क्यावर जाळं शिवत होता, फोन त्याच्याकडे.
कुणी गोड आवाजाची पोरगी विचारते,
काका, काकूंच्या गाठीच्या ट्रीटमेंटसाठी कर्ज हवंय का?
पहिले सहा हप्ते बिनव्याजी.

रकाना नववा: नुकसान, रुपयांत.
औषधांचा खर्च? तो होणारच होता.
धंदा बुडाला? एक दिवस.
मानसिक त्रास लिहू, मी म्हटलं, पन्नास हजार, सगळेच लिहितात.
बाई पावतीकडे बघत राहिल्या.
“सांगायचं माझं होतं.
कसं सांगायचं ते ठरवलं होतं मी. शब्द जमवले होते.
त्यांचं आता काय करू? त्यांचे किती होतात?”

कर्सर लुकलुकत राहिला.
शेवटी पन्नास हजारच लिहिले. खाली एक ओळ जादा टाकली,
कायद्यात बसते की नाही, ठाऊक नाही:
अर्जदाराची बातमी अर्जदाराच्या आधी पोचवली.

पैसे देताना त्या वाकून पडद्यात बघू लागल्या.
“हे इथं राहतं?”
राहतं ना. दुरुस्ती लागली तर.
“आणखी कुणाकुणाचं आहे?”

फोल्डर उघडलं. उघडायला नको होतं.
चार हजार एकशे बारा.
आधार, मोबाइल, सह्या,
एकीची सोडचिठ्ठी,
वारलेल्या सोनटक्के मास्तरांचा बिघडलेला मोतीबिंदू,
आणि पासवर्ड नाही,
कारण झेरॉक्सवाल्याचा पोरगा यावर गेम खेळतो.

त्यांचं त्यांच्यादेखत पुसलं. मग कचरापेटीतूनही पुसलं.
बाकीची रोज संध्याकाळी थोडी थोडी पुसतो,
नाव वाचून.

जुलैत तारीख पडली, एक तपशील बदलायचा होता.
डोक्याला रुमाल बांधून आल्या,
फाईल नवऱ्याच्या हातात.
सगळं पहिल्यापासून टाइप करावं लागलं.
मला पाठ होतं. तरी विचारलं,
नाव?
नवऱ्याने तोंड उघडलं, मिटलं.
त्यांनी स्वतः सांगितलं.