मुक्त शेवट

बर्डीच्या फुटपाथवरून घेतलेलं गाईड, चाळीस रुपये.
पहिल्या पानावर : प्रणिता डोंगरवार, बी.ए. तृतीय.
कूलरचा पंप पुन्हा बंद.
रात्री एक वाजता आई
बादलीनं वाळ्यावर पाणी मारतेय.

प्रणितानं पेन्सिलीनं अधोरेखित केलेलं :
‘नवकथेत घडत काही नाही, उमगतं.’
समासात : नक्की येतं, दहा मार्क.
आणि एका जागी, तिरपं, बारीक :
काऊन नसंल गेली ही माहेरी?

सहाव्या कथेत, वाक्याच्या मध्येच
रेघ थांबते.
पुढे गाईड नवंकोरं.

मी पाठ करतोय :
मुक्त शेवट म्हणजे लेखकानं वाचकावर सोपवलेली...
आई म्हणते, झोप आता, लाईन जाईल.

हो म्हणतो,
आणि पेन्सिल शोधतो.