होटगी रस्त्यावर बर्फ

मल्लेशम इराबत्तींनी मला गाडी शिकवली
ऐन मे महिन्यात, होटगी रस्त्यावर,
तापलेल्या स्टिअरिंगला ओला पंचा गुंडाळून.
आणि पहिलाच धडा बर्फाचा.

"समज, पुढं बर्फ आहे."
पुढं एक म्हैस, पाण्याचा टँकर,
आणि चप्पल चिकटेल इतकं पातळ झालेलं डांबर.
मी हसायचे. ते नाही हसायचे.

अकरा हिवाळे त्यांनी चादरी नेल्या श्रीनगरला.
बनिहालच्या अलीकडं दोन-दोन रात्री रांगेत,
डिझेल गोठू नये म्हणून इंजिन चालू,
मांडीवर शेंगाचटणीची पुडी.
चाकाखाली पातळ बर्फ मोडतो ना,
तो आवाज थेट कडक भाकरीचा, म्हणायचे.
"तो येतोय तोवर भ्यायचं नाही.
खरा बर्फ दिसतच नाही.
रस्ता नुसता ओला वाटतो, काळा, सारवल्यासारखा.
मग टायर गप्प होतात.
तिथं ओळखायचं,
आता आपण रस्त्यावर नाही."

साखर पेठेत चार मागांच्या खोलीत वाढलेला माणूस.
खटखट चालू असली की पोरं गाढ झोपायची,
धागा तुटून माग थांबला
की सगळी ताडकन उठून बसायची.
"आवाजावर नको, गप्प होण्यावर कान ठेव."

ब्रेक नाही मारायचा. स्टिअरिंग नाही ओढायचं.
झोपलेल्या लेकराच्या डोक्याखालून
हात काढतो आपण,
तसा पाय काढायचा ॲक्सिलरेटरवरून.
जायचंय तिकडंच बघायचं,
खड्ड्याकडं बघशील तर खड्ड्यात जाशील.
हे सगळं मी पाठ केलं, परीक्षेत येईल म्हणून.
आलं नाही. आठाचा आकडा काढायला लावला, झालं.

बारावा हिवाळा का नाही, ते कधी बोलले नाहीत.
क्लीनर पोशट्टीचं नाव निघालं
की आतून काच पुसायला लागायचे,
स्वच्छ असली तरी.

परवा, पौषातली पहाट.
छोटा हत्तीत टॉवेलचे गठ्ठे, मंगळवेढ्याची ऑर्डर.
तिऱ्ह्याच्या अलीकडं सीनेवरून धुकं चढलेलं,
अपर दिला तर पांढरी भिंत,
डिपर दिला तर दहा पावलं रस्ता.
उसाच्या ट्रॉल्या, मागं ना दिवा ना लाल पट्टी,
नुसती टेपवर लावलेली गाणी ऐकू येतात
आणि मग अचानक पाचट काचेवर.
मी तिसऱ्यात, सावकाश,
मागचा जीपवाला हॉर्न देऊन देऊन थकला.

कुठल्यातरी टँकरची मळी सांडली होती.
वरून दव.
मला दिसलं काहीच नाही.
रस्ता ओला वाटला, काळा, सारवल्यासारखा,
आणि टायर गप्प झाले.

मी काही केलं असं म्हणता येणार नाही.
हात जागेवर राहिले.
पाय निघाला, लेकराच्या डोक्याखालून निघावा तसा.
गाडी आडवी व्हायला बघत होती,
मी पुलाच्या पलीकडच्या बाभळीकडं बघत होते.
दोन श्वास. कदाचित तीन.
मग खरखर आली खालून,
इतकी गोड खरखर मी आजवर ऐकली नव्हती.

जीपवाला माझ्यामुळं हळू होता, तोही निघाला.
आता शिव्या देत नव्हता.
आम्ही एक गठ्ठा फोडला, लाल टॉवेल काढला,
मळीच्या बऱ्याच अलीकडं कठड्याला बांधला,
आणि उजाडेपर्यंत मोबाईलचे टॉर्च हलवत
दोघं कडेला कुडकुडत उभे.

इराबत्तींना फोन केला दुपारी.
ऐंशीला टेकलेत, एक कान गेलाय.
सगळं ऐकून एवढंच विचारलं,
"आवाज किती वेळ बंद होता?"
"तीन श्वास."
बराच वेळ पलीकडून काही नाही.
मला वाटलं, फोन कट झाला.
मग तेलुगूत म्हणाले, "सरे."
आणि कुणालातरी चहा टाकायला सांगितला.

मंगळवेढ्याच्या बिलात मी लिहिलं:
टॉवेल, लाल, एक नग कमी.