ओरखडा

रविवारची जेवणं उरकली की
एदेलमीरा मावशी आपली खुर्ची भिंतीपासून वीतभर लांब ओढते,
आणि अलीकडून मी माझा कोंगा.
भिंत विटांची नाही, फळ्यांची.
एवढ्यावर आमचं भागतं.

काय्याओ बंदरात वर्षातले सहा महिने धुकं.
कातडं ओल धरतं, आवाज बसतो
सर्दी झाल्यासारखा.
पाना घेऊन नट आवळायचे, समोरासमोरचे,
मग शेगडीवर हात शेकायचे,
आठवडाभर तारल्या डब्यांत भरून चिरलेले.
बोटांना पांढरी चिकटपट्टी.
मग सुई ठेवायची.

रेकॉर्ड तेओफिलो मामाची. तो बोटीवर होता,
कुठल्या बंदरातून आणली त्यालाही आठवत नसे.
पाकीट गेलं, मधल्या कागदावर कॉफीच्या कपाचं वर्तुळ,
त्यात सगळी नावं विरघळली.
तेव्हा वाजवणारा कोण, मला ठाऊक नाही.
त्याचे हात तेवढे ठाऊक आहेत.
डावा तळवा, डावी बोटं, उजवी चापट, डावी बोटं,
डावा तळवा, डावी बोटं,
आणि मग उजव्या हाताच्या दोन मोकळ्या थापा,
रात्री उशिरा आलेल्या माणसानं दार वाजवावं तशा.

समोर माणूस असता तर थांबला असता,
निदान भुवई उडवली असती.
रेकॉर्ड आपली पुढे.
मी पडले तर पडले, धावले तर एकटीच धावले.
गाणारा मध्येच कुणाला तरी ‘वाजव!’ म्हणतो
आणि दर वेळी मीच मान डोलावते.

पहिलं वर्ष असंच. मग एकदा लक्षात आलं:
चुकते तेव्हा दोन कोंगे ऐकू येतात,
जुळते तेव्हा एकच,
आणि तो कुणाचा ते सांगता येत नाही.

दुसऱ्या बाजूला, तिसऱ्या गाण्यात,
पियानो पायऱ्या उतरत येतो तिथे ओरखडा आहे.
सुई उडते. दोन मात्रा नाहीशा.
मीही उडायला शिकले. खांदा आधी उचलायचा,
श्वास गिळायचा, पलीकडे पाय टेकायचा.
इतकं सवयीचं झालं की
गाणं तसंच आहे असं वाटू लागलं.

जूनच्या अखेरीस, कोळ्यांच्या जत्रेत,
देव होडीतून फिरून आला, माणसं धक्क्यावरच नाचायला उभी,
आणि हेनारोच्या बँडमधला कोंगावाला शेवाळावर घसरला. मनगट.
कुणीतरी म्हणालं, ती कारखान्यातली रोसेंदा वाजवते.
खोटं नव्हतं. पण कुणाबरोबर, ते कुणी विचारलं नाही.

तेच गाणं निघालं. हात आपोआप.
पियानो पायऱ्या उतरला,
मी खांदा उचलला, उडाले,
आणि दोन थापा वाजवल्या.
अख्ख्या धक्क्यावर फक्त त्या दोनच.
बाकी सगळे गप्प, हात हवेत.
बास वाजवणाऱ्या विल्मेरनं असं पाहिलं
की मी दुसऱ्याच्या घरात शिरलेय.

आणि गर्दीत, कागदी दिव्यांखाली,
सत्तरीची एदेलमीरा मावशी
नेमकी माझ्याबरोबर उडी मारून
एका पायावर उभी.
अख्ख्या गावात तीच तेवढी माझ्यासारखी चुकली.

नंतर विल्मेरला विचारलं, त्या दोन मात्रांत असतं काय?
काही नाही, म्हणाला. सगळे थांबतात.
श्वास घेतात.

तेव्हापासून सुई उडते तिथे मी हात वर धरून राहते.
रेकॉर्ड दोन मात्रा पुढे निघून जाते,
जाऊ दे,
मग मला तिला गाठावं लागतं, धापा टाकत,
आणि तेवढा वेळ दोन कोंगे ऐकू येतात.
भिंतीपलीकडे खुर्ची करकरते.
मावशी थांबली की उडाली,
फळ्यांमधून कळत नाही.